काचेत राहिलेल्या फासळ्या

४ मार्च

चिमणे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसत नाही. हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तुझ्या त्या चाचणीच्या अंधाऱ्या खोलीत फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि तू घरी पोचतेस तोवर मी आडवी झालेली असते. शिवाय मला काही नीट सांगायचं असलं की लिहिलेलंच बरं पडतं. आयुष्यभर एक्स-रे बघून रिपोर्ट लिहिले. तोंडी सांगितलेल्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

तू निवडून दिलेला लॅपटॉप येऊन पंधरवडा झाला. देखणा आहे, हलका आहे. जुना खोका सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, हा झाकण उघडताच तयार. फिल्म इतक्या स्वच्छ दिसतात की पहिले दोन दिवस मी उगाचच जुन्या काढून बघत बसले. पण त्याला एक खोड आहे. तो पाहिलेलं विसरत नाही.

कालचंच सांगते. खाणीजवळच्या रुग्णालयातून सकाळी नेहमीप्रमाणे फिल्म आल्या. तुला माहीतच आहे, तिथे एकच तरुण डॉक्टर आहे. बाळंतपणापासून मोडलेल्या हाडापर्यंत सगळं तोच बघतो आणि एक्स-रे वाचायला तिथे कुणी नाही, म्हणून मी इथून वाचून पाठवते. एका बाईची छाती उघडली होती. तेवढ्यात शेजारीण पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला दारात आली आणि टाकीच्या विषयावरच थांबेल ती शेजारीण कसली. बऱ्याच वेळाने परत येऊन मी ती छाती बंद केली आणि एका मुलाचं मनगट उघडलं. तर मनगटामागून फासळ्या. अगदी पुसट, पण मोजता येतील अशा. डोळे चोळले, चष्मा पुसला, तरी फासळ्या आहेत तिथे.

शेजारणीला बोलावून दाखवलं. ती दाराच्या चौकटीतूनच वाकून म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या असतील हो." मी म्हटलं, ती बाई ठणठणीत आहे, खोकला होता, औषध घेऊन घरी गेली. तरी ती आत आली नाही.

सोबत स्क्रीनचं चित्र पाठवते आहे, तू शिकवलंस तसं दोन बटणं एकदम दाबून काढलेलं. बघ आणि सांग काय करायचं. नवीन वस्तूला लगेच नावं ठेवणारी मी नाही, पण एका माणसाच्या अंगावर दुसऱ्याची हाडं मला चालायची नाहीत.

तुझी काकू


७ मार्च

काकू,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि चित्र लगेच उघडलं. मोठं करून पाहिलं. मग आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या स्क्रीनवर टाकून पाहिलं, शेजारच्या दोघांनाही दाखवलं. काकू, मनगट आहे. फासळ्या नाहीत. एकही नाही.

मी दिवसभर स्क्रीनच तपासते. कुठे एक ठिपका मेलेला असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हा लॅपटॉप मी तुझ्यासाठी दहा ठिकाणी चौकशी करून निवडलाय. त्यामुळे जे सांगणार आहे ते ऐकून रागावू नकोस. एका उजळ चित्राकडे बराच वेळ टक लावून पाहिलं की दुसरीकडे बघितल्यावरही ते डोळ्यांपुढे तरळतं. सगळ्यांचंच होतं. वयाने ते जरा जास्त होत असेल. मोतीबिंदूची सुरुवात असली तरी उजेड असाच पसरतो म्हणतात.

एकदा डोळे तपासून घे. आणि तोवर फिल्म वाचणं थांबव ना. तसंही, थोडं कमी केलंस तर काय बिघडतं? नोकरी संपल्यावरही इतकी वर्षं करतेच आहेस. दादाकडे जाऊन दोन-चार महिने निवांत राहा. वरची खोली आता रिकामीच आहे, खिडकीतून सगळं मैदान दिसतं. नाती खूश होतील.

स्क्रीनचा उजेड मात्र अर्ध्यावर आण, ते डोळ्यांना केव्हाही चांगलं.

तुझी चिमणी


१२ मार्च

चिमणे,

डोळे तपासून आले. तपासणारी माझी विद्यार्थिनी, तेव्हा भीड ठेवून बोलली असं समजू नकोस. मीच तिला कधी भीड ठेवायला शिकवलं नाही. मोतीबिंदू नाही, पडदा उत्तम, चष्म्याचा नंबर तोच. तिने लेखी दिलं आहे, हवं तर पाठवते.

आता दुसरं. दादाच्या वरच्या खोलीतला भाडेकरू गेला हे मला ठाऊक नव्हतं. तो माझ्याशी परवा बोलला तेव्हाही काही म्हणाला नाही. तुला मात्र खिडकीतून मैदान दिसतं इथपर्यंत माहीत. म्हणजे चिरंजीवांनी तुला फोन करून माझी समजूत घालण्याचं काम दिलेलं दिसतं. त्याच्यावर मी रागावलेली नाही. मुलगा आहे, त्याला काळजी वाटते. पण काळजी वाटते म्हणून माझे डोळे कमजोर ठरवायचे, हा रिपोर्ट मला मान्य नाही.

काल मी काय केलं ते वाच. फार पूर्वी आम्ही खऱ्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून बघायचो. पेटीच्या काचेवर कधी बोटांचे ठसे, कधी औषधाचा थेंब सुकलेला. डाग दिसला की पहिलं काम म्हणजे फिल्म जराशी सरकवायची. डाग फिल्मबरोबर सरकला तर तो माणसाचा, तिथेच राहिला तर काचेचा. हे मी शेकडो पोरांना शिकवलं आणि नेमकी मीच विसरले होते, कारण इथे काच आणि फिल्म वेगळ्या असतात हे डोक्यातच आलं नाही.

तर काल माझ्याच गुडघ्याची फिल्म उघडी ठेवून भांडी आवरली. मग एक छाती उघडली आणि माउसने धरून इकडे-तिकडे सरकवली. छाती सरकली. गुडघा जागचा हलला नाही. माझ्या डोळ्यांतला असता तर मी बघेन तिथे तो आला असता. मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीवर गुडघा नव्हता.

आता दोन बटणांचं चित्र नको. फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला आहे, तो जोडते. गुडघा ओळखू येतो का बघ. माझाच आहे, झिजलाय, पण आकार चांगला आहे.

एकच गोष्ट मनात खुपते आहे. ही खोड लक्षात यायच्या आधीही मी पंधरा दिवस याच काचेवर वाचत होते. ते सगळे रिपोर्ट पुन्हा बघायला हवेत.

तुझी काकू


१४ मार्च

काकू,

गुडघा दिसला. तुझ्या फोटोत इतका स्पष्ट दिसला की मला खुर्चीत बसवेना.

माझी चूक कुठे झाली ते सांगते, कारण ती मी करायला नको होती. दोन बटणांनी काढलेलं चित्र म्हणजे स्क्रीनचा फोटो नव्हे. लॅपटॉप आतून काय पाठवतोय याची ती नक्कल असते. काचेवर प्रत्यक्ष काय उमटलं हे त्याला कळतच नाही. हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. पण दादाचा फोन आधी आला होता, आणि त्यानंतर तुझं चित्र उघडलं तेव्हा माझ्या डोक्यात उत्तर तयारच होतं. तू ओळखलंस ते खरं आहे. "ती तुझं ऐकेल," असं म्हणाला तो.

आता काय होतंय ते. या स्क्रीनमध्ये काचेच्या दोन पापुद्र्यांमध्ये एक पातळ द्रव असतो. त्यातले कण विजेच्या इशाऱ्यावर वळतात, म्हणून चित्र दिसतं. एकच चित्र बराच वेळ ठेवलं की चांगल्या स्क्रीनमध्येही कण जरा आळसावतात, पण थोड्या वेळात सरळ होतात. तुझ्या स्क्रीनचे सरळ होतच नाहीत. नवीन आहे तरी सदोष आहे. करड्या रंगावर असा ठसा सगळ्यात जास्त दिसतो, आणि तू दिवसभर करडंच बघतेस. दुसऱ्या कुणाला वर्षभर पत्ता लागला नसता.

घरी करून बघण्यासारखं एवढंच: पूर्ण पांढरं पान उघडून तासभर तसंच ठेव, मग बंद करून थंड होऊ दे. ठसा जाईल, पण नवीन बसायचा थांबणार नाही. दुकानाशी मी बोलले आहे. ते स्क्रीन बदलून देणार, त्यांचा माणूस घरी येऊन लॅपटॉप घेऊन जाईल. तोवर त्यावर एकही फिल्म वाचू नकोस. हे दादाच्या वतीने नाही, माझ्या वतीने सांगतेय.

आणि ते जुने रिपोर्ट, त्यांचं काय करणार आहेस?

चिमणी


१९ मार्च

चिमणे,

सांगते काय केलं. आधी खाणीजवळच्या त्या डॉक्टरला कळवलं की माझी स्क्रीन सदोष निघाली, अमुक तारखेपासूनचे रिपोर्ट मी तपासून पुन्हा पाठवते. मग माझ्या जुन्या रुग्णालयात गेले. तिथे अजून मला ओळखणारी माणसं आहेत. एक्स-रे विभागाने कोपऱ्यातली खोली दिली आणि त्यांच्या मोठ्या, खात्रीच्या स्क्रीनवर मी तीन दिवस बसून सगळ्या फिल्म पुन्हा वाचल्या.

एक रिपोर्ट चुकला होता. एका शिक्षिकेच्या उजव्या फुप्फुसात मी नाण्याएवढी गोल सावली लिहिली होती. मोठ्या स्क्रीनवर तिथे काहीच नाही. तिच्या आधी मी खाटेवर गंभीर अवस्थेत असलेल्या एका म्हाताऱ्याची फिल्म बघत होते. त्याच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजायच्या गोल चकत्या चिकटवलेल्या होत्या. त्यातली एक काचेत राहिली आणि या बाईच्या फुप्फुसात जाऊन बसली. तिला मी स्वतः फोन केला. बिचारी आठवडाभर झोपलेली नव्हती. मी माफी मागितली तर ती रडायला लागली आणि तिनेच माझे आभार मानले. मला ते आभार घेणं जड गेलं.

बाकी सगळे रिपोर्ट बरोबर होते. त्यातला एक बस चालवणाऱ्या माणसाचा आहे, खाणीतल्या लोकांची ने-आण करतो तो. नोकरीसाठी दरवर्षी तपासणी असते, त्यात काढलेली फिल्म. डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हसळीच्या हाडामागे लपलेली छोटी सावली मी लिहिली होती. मोठ्या स्क्रीनवरही ती तिथेच आहे. सरकवली, मोठी केली, उजेड कमी-जास्त केला. माणसाचीच आहे, काचेची नाही.

आणि इथे घोळ झालाय. माझं पहिलं पत्र मिळाल्याबरोबर त्या डॉक्टरने पंधरा दिवसांचे सगळेच रिपोर्ट रद्द ठरवले. ड्रायव्हरला बोलावून सांगितलं की मशीनचा दोष होता, तू ठीक आहेस, जा कामावर. मी दुसरं पत्र पाठवलं तर म्हणतो, "मॅडम, मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं, मला काही दिसत नाही. आणि त्या माणसाला मी आता कोणत्या तोंडाने परत बोलावू?" त्याचीही पंचाईत आहे. त्याची स्क्रीन टीचभर, आणि बाहेर रांग लागलेली. फोन केला तर ड्रायव्हर उचलत नाही. डॉक्टरचा नंबर बघितला की कापतो.

म्हणून मी तिकडे जाणार आहे. दुकानाच्या माणसाला सांग, इतक्यात येऊ नको. लॅपटॉप मला बरोबर हवा आहे.

काकू


२० मार्च

काकू,

जाऊ नकोस असं लिहायला बसले होते. दोन बस बदलून जायचं, तिथे राहायची सोय नाही, आणि समजा तो माणूस तुझ्यावरच ओरडला तर? दादाला कळलं तर मला बोलणी बसतील ती वेगळीच. शिवाय तुझी खात्री आहे हे मला पटतं, पण एकदा विचारते, आणि हे शेवटचं विचारणं: अगदी नक्की ना? शिक्षिकेसारखं होणार नाही ना?

मग लक्षात आलं, याचं उत्तर तू तीन दिवस त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून देऊन मोकळी झाली आहेस. तेव्हा ते लिहिलेलं सगळं पुसलं.

तू सदोष लॅपटॉप कशाला नेते आहेस तेही मी ओळखलं. त्याला ठसा दाखवायचा आहे ना? मग हे माझ्याकडून घे. आयुष्यात पहिल्यांदा मी स्क्रीनचा दोष वाढवायचं शिकवते आहे. ती गरम असली की ठसा लवकर बसतो, म्हणून निघायच्या आधी चालू कर आणि उजेड पूर्ण ठेव. स्क्रीन आपोआप बंद होते ती सोय काढून टाक, कशी ते वेगळं लिहून पाठवते. ज्याचा ठसा हवा ते चित्र पडदाभर उघड आणि वाटेत हात लावू नकोस. झाकण मिटायचं नाही, अर्धवट लावून मांडीवर धर. त्याची फिल्म मात्र ऐन वेळीच उघड.

ठसा कुणाचा घेणार? दुसऱ्या रुग्णाचं काही दाखवता यायचं नाही तुला.

पोचल्यावर एक ओळ टाक. एकच टाकलीस तरी चालेल.

चिमणी


२४ मार्च

चिमणे,

ओळ तुला परवाच टाकली, आता सगळं सांगते.

ठसा माझाच घेतला. तीन वर्षांपूर्वी खोकला झाला होता तेव्हाची माझ्या छातीची फिल्म. ती मांडीवर उघडी ठेवून मी पहिल्या बसमध्ये बसले. शेजारी बसलेल्या बाईने दोनदा वाकून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "कुणाची?" "माझी," म्हटलं. ती जरा सरकून बसली.

रुग्णालयात गेलेच नाही. डेपोत गेले आणि त्याची गाडी कोणती ते विचारलं. सुटायला वेळ होता. मी त्याच्या मागच्या पहिल्याच बाकावर जाऊन बसले. चाळिशीचा माणूस, अंगाने चांगला, गाडी अशी पुसलेली की काचेत तोंड बघावं. बरोबर कामावर निघालेली माणसं होती, म्हणून वाटेत मी तोंड उघडलं नाही. खाणीच्या फाटकापाशी सगळे उतरले. मी बसूनच राहिले.

आरशात बघून तो म्हणाला, "मावशी, शेवटचा थांबा आहे हा."

"माहीत आहे. तुमच्या छातीत सावली आहे असं लिहिलं ती डॉक्टर मीच."

त्याने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "ते मिटलं. डॉक्टर म्हणाले, मशीन खराब होतं."

"मशीन खराब आहेच. घेऊनच आलेय."

यावर तो हसला, पण उठून मागे वळला नाही. पाठमोराच बोलत राहिला. आधी आहे म्हणता, मग नाही म्हणता, आता परत आहे म्हणता. घरी बायकोने दोन दिवस अन्न शिजवलं नव्हतं, काल कुठे जरा हसायला लागलीय. तुमचं काय ते एक ठरवा आणि मग माणसाला सांगा. हे सगळं तो आवाज न चढवता बोलला. मी ऐकून घेतलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्याचं संपल्यावर मी म्हटलं, "मला पाच मिनिटं द्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः बघा."

तो येऊन बाकावर बसला. मी माझी छाती बंद केली आणि त्याची उघडली. त्याच्या फासळ्यांमागे माझ्या फासळ्या पुसट दिसत होत्या. तुझी शिकवणी कामी आली, ठसा झकास बसला होता. हे खराब मशीन, मी म्हटलं, मागे दिसते ती मी आहे. मग माउस त्याच्या हातात दिला, हसळीमागची सावली बोटाने दाखवली, आणि म्हटलं, आता हे चित्र धरून सरकवा.

त्याने डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. माझी हाडं जागच्या जागी. त्याची हाडं सरकत होती, आणि ती सावलीही त्यांच्याबरोबर. त्याने पुन्हा एकदा केलं, अगदी हळू.

"आमच्या समोरच्या काचेवर किडा मरून चिकटतो," तो म्हणाला. "क्षणभर वाटतं रस्त्यातच काहीतरी आहे. मान जरा हलवली की कळतं, काचेवर आहे की पुढे आहे."

त्याने चित्र आणखी एकदा सरकवलं.

"म्हणजे माझी रस्त्यावरची आहे."

"हो," मी म्हटलं. "पण लांब आहे अजून. ब्रेक लावायला जागा आहे."

त्याने माउस मला परत दिला. मग उठला, मला म्हणाला माझ्या शेजारच्या सीटवर या, तिथे धक्के कमी लागतात, आणि गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर रुग्णालयाच्या दारात त्याने मला उतरवलं आणि पाळी संपल्यावर स्वतः आला, बायकोला घेऊन. त्या डॉक्टरलाही मी तेच माउस धरून करायला लावलं. चांगला मुलगा आहे, आपल्या हाताने सरकवून पाहिल्यावर एक शब्द वाद घातला नाही. समोरच मोठ्या रुग्णालयाला फोन करून सीटी स्कॅनची वेळ घेतली. रात्री त्याच्याच आईने मला घरी ठेवून घेतलं.

लॅपटॉप आता खुशाल घेऊन जायला सांग.

काकू


२ एप्रिल

काकू,

पत्र चहाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतरचा अर्धा तास काही तपासलं नाही. 

स्क्रीन बदलून आली आहे, पण तुझ्याकडे पाठवायच्या आधी मी ती आमच्याकडे मागवून घेतली. दुकानवाले कुरकुरले. मी ऐकलं नाही. करड्या रंगावर ठेवली, गरम केली, तासन् तास एकच चित्र ठेवलं, सगळे छळ करून पाहिले. काही राहत नाही हिच्यात. आता माझ्या सहीने पाठवते आहे.

आमच्या साहेबांना तुझ्या गुडघ्याचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, "हे कुणी पकडलं?" मी म्हटलं, माझ्या काकूने, भांडी आवरता आवरता. पुढच्या महिन्यापासून आम्ही करड्या चित्रांची चाचणी दुप्पट वेळ करणार आहोत.

दादाला सगळं मी कळवलं. तू सांगणार नाहीस हे मला ठाऊक होतं.  तो एवढंच म्हणाला की शनिवारी तुझ्याकडे येतोय. तुला न्यायला येतोय की नुसता येतोय, ते मी विचारलं नाही.

ड्रायव्हरचं काय झालं?

चिमणी


२१ एप्रिल

चिमणे,

उशीर झाला, पण खात्रीची बातमी हाती आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सीटीत गाठच निघाली. छोटी, कडेची, कुठे पसरलेली नाही. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा वरचा तुकडा काढला, आणि तपासणीत त्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागे काही राहिलेलं नाही. सर्जन म्हणाले की पुढच्या वर्षीच्या तपासणीपर्यंत थांबले असते तर हे बोलणं वेगळं झालं असतं. ड्रायव्हर परवा चालायला लागला. काही महिने डेपोच्या खिडकीत बसून गाड्या सोडायचं काम देणार आहेत, ते त्याला अजिबात आवडलेलं नाही. बायकोने फोनवर एवढंच सांगितलं की ती आता रोज दोन्ही वेळा रांधते. त्या डॉक्टरसाठी रुग्णालयाने मोठी स्क्रीन मागवली आहे, आणि महिन्यातून एकदा मी तिथे जाऊन त्याच्याबरोबर बसावं असं त्याचं म्हणणं आहे. मी हो म्हटलं.

स्क्रीन मिळाली. तुझ्या सहीवर माझा विश्वास आहे, तरी आल्या आल्या मी गुडघा लावून पाहिला. गेला, एका क्षणात.

आता दादाचं. न्यायलाच आला होता. गाडीत मागे दोन रिकाम्या बॅगा होत्या, त्या त्याने उतरवल्या नाहीत म्हणून मी पाहिल्या नाहीत असं दाखवलं. त्या शनिवारी सकाळी फिल्म आल्या तेव्हा तो माझ्या मागे खुर्ची ओढून बसला. लहानपणी बसायचा तसा, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकून. मी वाचत गेले. कुणाचं मोडलेलं बोट, कुणाचा पाण्याने भरलेला फुप्फुसाचा तळ.  सगळं पाठवून झाल्यावर म्हणाला, "अजून एक बघशील?"

खिशातून फोन काढून त्याने मला एक फिल्म पाठवली. त्याचीच छाती. कंपनीच्या तपासणीत मागच्या महिन्यात काढलेली.

"तिथल्या डॉक्टरांनी काय म्हटलं?"

"ठीक आहे म्हणाले."

"मग?"

"तू बघ," तो म्हणाला.

मी बघितली. दुसऱ्या कुणाच्या फिल्मला देते तेवढाच वेळ दिला, कमी नाही आणि जास्त नाही. हसळ्या, फासळ्या, हृदयाच्या मागची जागा, फुप्फुसांचे तळाचे दोन्ही कोपरे. तेवढा सगळा वेळ मागून त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. वळून पाहिलं तर पठ्ठ्या छाती ताठ करून, श्वास रोखून बसला होता, जणू फिल्म आत्ताच काढली जातेय.

"सोड," मी म्हटलं. "स्वच्छ आहे."

काकू